पुन्हा त्याच दारात

प्रश्न: आम्ही एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहोत. कॉलेजने आमच्या बॅचला विदर्भातलं एक गाव दिलं आहे, प्रत्येकाकडे पाच कुटुंबं दत्तक आहेत. आम्ही रॅली काढली, रक्तक्षयावर पथनाट्य केलं, शाळेत हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. लोक येतात, टाळ्या वाजवतात, चहा पाजतात. तीन महिन्यांनी पाहिलं तर काहीच बदललेलं नाही. औषध द्यायचा आम्हाला अधिकार नाही. मग गावाला आमचा उपयोग काय, आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

औषध देता येत नाही म्हणून आपला उपयोग नाही, हा विचार आधी मनातून काढून टाका. मी तीसेक वर्षं वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावांत जातो आहे, आधी विद्यार्थी म्हणून आणि नंतर इंटर्न मुलामुलींना घेऊन. या काळात गावात चांगले डॉक्टर आले, योजना आल्या, भिंती घोषणांनी रंगल्या. त्याच घरी तोच प्रश्न घेऊन दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जाणारा माणूस मात्र कायम कमी पडला. तुमच्याकडे पाच घरं आणि पुढची तीनेक वर्षं आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ही चैन परवडत नाही, तुम्हाला परवडते.

मला हे कळलं ते इंटर्नशिपमध्ये. तुमच्यासारखाच आम्ही रक्तक्षयाचा कार्यक्रम केला होता. फ्लिपचार्ट दाखवला, नाटक केलं, नर्सताईंनी गरोदर बायांना लाल गोळ्यांची पाकिटं दिली. दोन महिन्यांनी त्याच गावात पावसात अडकलो आणि एका घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, उभा राहिलो. घरातली सून सात महिन्यांची गरोदर होती. तिने मला आत बसवलं. देव्हाऱ्यातल्या फोटोमागे आमची पाकिटं होती. तीन पाकिटं, दोनच गोळ्या फोडलेल्या. मी रागावलो नाही, कारण ओला होतो आणि ती चहा टाकत होती. नुसतं विचारलं. ती म्हणाली, "दोन खाल्ल्या जी. संडास कायी झाली. आंगातलं रगत जळून रायलं असंन म्हून सोडल्या." आतून सासूबाईंनी भर घातली, की गोळ्यांनी लेकरू पोटात मोठं होतं आणि बाळंतपण अडतं.

लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, ही पुस्तकातली एक ओळ. आमच्या तासाभराच्या कार्यक्रमात ती एक ओळ नव्हती. बीटरूट होतं, पालक होता, हिमोग्लोबिनचे आकडे होते. त्या बाईला लागणारी गोष्ट तेवढी राहून गेली. त्या दिवशी चुलीपाशी बसून दोघींना सांगितलं: काळं होणारच, ते न शोषलेलं लोह असतं, रक्त नव्हे. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घ्या. चहासोबत घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. जेवताना लिंबू पिळा. सासूबाईंच्या शंकेवर त्यांनाच विचारलं, की बाळंतपणात रक्त गेलेली बाई तुम्ही पाहिली आहे का. त्यांनी पाहिली होती, सख्खी जाऊ. पुढचं मला बोलावंच लागलं नाही. पंधरा दिवसांनी मुद्दाम गेलो तेव्हा एक पाकीट अर्धं रिकामं झालं होतं.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच नियम सांगतो. गोळी किंवा लस घेतल्यावर काय होईल ते आधी सांगा. हत्तीरोगाच्या मोहिमेचंही हेच. पूर्व विदर्भात डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनसुद्धा, घरोघरी देतात. गोळ्या खाल्ल्यावर रक्तात जंतू असलेल्या माणसाला ते मरताना ताप येतो, डोकं दुखतं, चक्कर येते. हे आधी सांगितलं नसेल तर एका माणसाला चक्कर आली की अख्ख्या गल्लीच्या गोळ्या उकिरड्यावर जातात. "माझा पाय कुठं सुजला आहे?" असं लोक विचारतात, तेही रास्त आहे. पाय सुजतो तेव्हा अनेक वर्षं उलटून गेलेली असतात, आणि तोवर डास तुमच्याकडून शेजारच्या लेकराकडे जंतू नेतच असतो, हे शांतपणे सांगायला हवं. उपाशीपोटी गोळी देऊ नये. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस यांना देऊ नये.

कुटुंब दत्तक घेण्याची ही पद्धत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या बॅचपासून सगळ्या देशात लागू केली. विदर्भाला ती नवी नाही. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पंधरा दिवस एखाद्या गावात मुक्काम करतात आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. त्याच्याही मागे जायचं तर गाडगेबाबा आहेत. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. कीर्तनातही बाबा प्रश्न विचारायचे, उत्तर समोरच्या माणसांच्या तोंडून यायचं. आरोग्यशिक्षणाचा याहून चांगला धडा मला कुठल्याही वर्गात मिळालेला नाही. तुम्ही आधी बोललात आणि झाडलं काहीच नाही, एवढीच तुमच्या रॅलीतली उणीव आहे.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब द्यायची, वजन करायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. ३९ गावांतल्या त्या कामाचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. हे काम भाषणाने झालं नाही. घड्याळ आणि वजनकाटा घेऊन ठरलेल्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या बायांनी ते केलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

आता वेळेविषयी. कॉलेजची बस सकाळी दहा-अकराला गावात येते आणि चारला परतते. त्या वेळात गावात म्हातारी माणसं आणि पाळण्यातली लेकरं असतात. बाया निंदणाला गेलेल्या असतात, माणसं वावरात. तुमच्या सभेला थांबायचं तर त्यांचा रोज बुडतो. बाजाराचा दिवस टाळा. संध्याकाळी सहानंतर, बैलबंड्या घरी आल्यावर जा, किंवा सकाळी सातच्या आत. बसची अडचण असेल तर विभागप्रमुखांना स्पष्ट सांगा. माझ्या अनुभवात विचारलं की बहुतेक वेळा मार्ग निघतो.

विषय निवडताना जागतिक दिनांची यादी बाजूला ठेवा आणि शेताचं वर्ष पाहा. जुलै संपत आला आहे. तुमच्या पाच घरांसमोर या घडीला दोन धोके उभे आहेत: साप आणि फवारणी. या दोन्हींवर सविस्तर लिहितो, कारण इथे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा जीव वाचवू शकतो.

सापाचं आधी. आपल्याकडे माणसं मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. प्रतिविष या चौघांवर चालतं. त्यातली मण्यार मला सगळ्यात घातकी वाटते. ती रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावल्याची खूण दिसेल न दिसेल, सूज नाही, दुखणं नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घशाशी अडकल्यासारखं होतं. मग पापण्या जड होऊन खाली येतात. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. सोडा देतात, ओवा देतात, दोन तास जातात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी झाली आणि डोळे मिटायला लागले, तर आधी सापाचा विचार करायचा, हे तुमच्या पाचही घरांतल्या मोठ्या माणसांना तोंडपाठ झालं पाहिजे.

उपाय घरात बघून सांगा. "पलंगावर झोपा" असं म्हणून निघून येऊ नका. घरात बाज एक आणि माणसं सहा असतात. मग लेकरांना बाजेवर झोपवायचं, आणि खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचून घ्यायच्या. मच्छरदाणी डासासाठी मिळालेली असली तरी सापालाही अडवते. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीग घराच्या भिंतीला टेकलेला असेल तर तुम्ही पाच-सहा जण मिळून एका दुपारी तो हलवा. हाच तुमचा खराटा. उंदीर कमी झाले की साप कमी होतो, म्हणून धान्याची कोठी, कोंबड्यांचा खुराडा आणि भिंतीतली बिळं पाहा. रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि पायात काहीतरी हवंच.

साप चावल्यावर करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही. हातापायातली अंगठी, कडं, जोडवी काढायची. चावलेला भाग न हलवता आडवं करून न्यायचं. १०८ ला फोन करायचा. गाडीला वेळ लागणार असेल तर गावातलं वाहन ठरलेलं हवं. घरचे म्हणतील, आधी देवळात नेऊ, मंत्र घालू. त्यांच्याशी त्या घडीला वाद घालायचा नसतो. मी सांगतो, मांत्रिकालाही गाडीत घ्या, मंत्र वाटेत होऊ द्या, गाडी थांबवू नका. तीन वेळा हे चाललं आहे.

एक काम मात्र साप चावायच्या आधी करायचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणी करणार नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा: प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, रात्री डॉक्टर असतात का, श्वास थांबला तर नळी घालण्याची सोय कुठे आहे? सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. दोन-तीन असतील तर पुढे नेण्यात वेळ जातो. मिळालेलं उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून, गाडीवाल्याच्या फोन नंबरासह, पाचही घरांच्या दारामागे चिकटवा. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे असा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्याची तुमच्या गावातली प्रत म्हणजे दारामागचा हा कागद.

आता फवारणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेली होती. नोझल खांद्याच्या वर धरावं लागत होतं आणि फवारा तोंडावर, मानेवर, छातीवर उतरत होता. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. सगळ्यात जास्त भरडला तो रोजाने फवारणारा मजूर. मालक आपल्या वावरात चार दिवस फवारतो, मजूर महिनाभर रोज नव्या वावरात.

त्यानंतर किट वाटले गेले, सूचनापत्रकं निघाली. पण ऑक्टोबरच्या उन्हात प्लॅस्टिकचा अंगरखा, चष्मा आणि मास्क घालून पाठीवर भरलेला पंप उचलून पाहा. मी विद्यार्थ्यांना हे करायला लावतो, पंपात साधं पाणी भरून, वावराच्या एका धुऱ्यापासून (बांधापासून) दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. दोन तासांत चष्म्यावर वाफ धरते, मास्क ओला होतो, जीव गुदमरतो. त्यानंतर "हे लोक ऐकत नाहीत" असं एकही विद्यार्थी म्हणत नाही.

मग शक्य आहे ते काय? एकदा एका काकांना मी बादलीत औषध कालवताना पाहिलं. कोपरापर्यंत उघडा हात बादलीत, हातानेच ढवळत होते. खिशात खर्रा, तंबाखू-सुपारीचा. ढवळून झालं, हात धोतराला पुसला आणि त्याच बोटांनी खर्रा तोंडात घातला. एका मिनिटात तीन वाटांनी विष आत गेलं. मी एवढंच म्हणालो, काका, एक काडी तोडून देऊ का ढवळायला? कडुलिंबाची काडी तोडून दिली. पुढच्या खेपेला ती काडी बादलीला बांधलेली होती. इतकी लहान गोष्ट मागितली तर लोक करतात. काडीने ढवळणं. वाऱ्याला पाठ देऊन चालणं. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर फवारणं. नोझल तुंबलं तर तोंडाने न फुंकता तारेने किंवा ब्रशने मोकळं करणं. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, आणि तो भिजला की बदलणं. साबणाने हात धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, भाकर काही नाही. घरी आल्यावर लेकराला उचलण्याआधी अंघोळ. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, आणि ते धुणाऱ्या घरच्या बाईलाही हे सांगायचं, कारण तिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

डब्यावरचा लहान छाप वाचता येणाऱ्यालाही दिसत नाही. रंग मात्र सगळ्यांना दिसतो. लेबलवर चौकोनात खाली एक रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. घरातले डबे बाहेर काढून शाळकरी पोरापोरींना रंग ओळखायला सांगा, डब्याला हात न लावता. ती पुढे बापावर लक्ष ठेवतात.

विषबाधेची लक्षणं अशी: डोकं दुखणं, मळमळ, अंधुक दिसणं, तोंडाला लाळ, दरदरून घाम, छाती भरणं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असेल तर डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. बाहुली नेहमीसारखी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सगळीच औषधं त्या जातीची नसतात. ओले कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं, उलटी करवायची नाही आणि थेट दवाखाना. सोबत डबा न्यायचाच. कोणतं विष आहे हे कळलं नाही तर दवाखान्यातला डॉक्टर अंधारात चाचपडत राहतो.

याच डब्याविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती सांगताना मला जड जातं. वावराचं औषध बहुतेक घरांत बाजेखाली किंवा आड्याला टांगलेलं असतं. पीक बुडालेल्या वर्षी, सावकाराच्या तगाद्याच्या रात्री, हाताशी डबा असणं आणि नसणं यात एका माणसाच्या जिवाचा फरक पडतो. तो क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. डबे कुलपात ठेवायला सांगा, किल्ली दुसऱ्याकडे. एखादा काका गप्प झाला असेल, जेवत नसेल, बैल विकायला काढले असतील, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते मनात भरतं ही समजूत चुकीची आहे. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला आणि केंद्रातल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. हे ओझं तुम्ही एकट्याने वाहायचं नाही, तुमच्या मार्गदर्शक शिक्षकांशी बोला.

आता सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईबापांकडून लेकराला येणारा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, सगळीकडे हा आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. तुमच्या गावातही शिबिर होईल आणि तुम्हाला मदतीला बोलावतील. जरूर जा, पण एक गोष्ट जिवापाड सांभाळा. मी तरुण असताना एका शाळेच्या मैदानात शिबिर पाहिलं. निकाल आले आणि कोणीतरी यादी मोठ्याने वाचायला घेतली. एका मुलीच्या नावापुढे वाहक होतं. तिची सोयरीक जुळलेली होती, ती आठ दिवसांत मोडली. मुलगी ठणठणीत होती आणि आयुष्यभर राहणार होती. यादी वाचणाऱ्याला वाहक आणि रुग्ण यांतला फरक माहीत होता, ऐकणाऱ्या गावाला नव्हता. मी तिथे उभा होतो आणि थांबवलं नाही, याची टोचणी अजून आहे. निकाल एकेकाला, खाली बसून, हळू आवाजात सांगायचा. यादीचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही.

समजावताना मी तुरीचे आणि ज्वारीचे दाणे वापरतो. आईच्या मुठीत दोन दाणे, बापाच्या मुठीत दोन. लेकराला दोघांकडून एकेक दाणा मिळतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येकाकडे एक तूर, एक ज्वारी. ज्वारी म्हणजे विळ्यासारखी वाकणारी रक्तपेशी. दोन ज्वारी आल्या की लेकरू रुग्ण, एक आली की वाहक, एकही नाही तर निरोगी. शक्यता २५, ५० आणि २५ टक्के. आता खरी गफलत इथे होते: लोकांना वाटतं चार लेकरांत एक आजारी, ते एक झालं, पुढची तीन चांगली. तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात मुठी नव्याने उघडतात आणि शक्यता पुन्हा तेवढीच असते. डोळे मिटून दाणे उचलायला लावा, चारपाच वेळा. हाताने केलेलं विसरत नाही कोणी.

हा अमक्या जातीचा रोग, असं गावात बोललं जातं. त्यावर सांगा, की मलेरियाच्या मुलखात वाहकांना गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळालं, म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तो वेगवेगळ्या जातीजमातींत सापडतो. हे ऐकल्यावर माणसांची मान थोडी वर होते, हे मी पाहिलं आहे. घरात रुग्ण लेकरू असेल तर तीन शत्रू लक्षात ठेवायला सांगा: तहान, थंडी, ताप. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा त्या पोराच्या दप्तरात पाण्याची बाटली आणि वर्गात प्यायची मुभा, दोन्ही हवं. शाळेच्या गुरुजींशी हे बोलणं तुमचं काम. फॉलिक ॲसिड रोज, हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं, आणि ताप आला तर घरी वाट पाहायची नाही.

बाकीचे विषय थोडक्यात. खर्रा सोडा म्हणून भाषण करू नका. तोंड उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का ते त्याला पाहू द्या. दोनच गेली, किंवा जेवणात तिखट सहन होत नाही असं म्हणाला, तर दंतवैद्याकडे न्यायची वेळ झाली आहे. तोंड आखडवणारी मुख्यतः सुपारी असते, त्यामुळे तंबाखू सोडून नुसती सुपारी खाणाराही सुटत नाही. कुत्रा चावला तर मिरची, चुना काही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. पावसाळ्यानंतर गवतात काम करणाऱ्याला ताप आला तर काखेत, जांघेत, स्तनाखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का हे घरच्याने पाहावं. तो स्क्रब टायफस असू शकतो, २०१८ मध्ये नागपूर भागात त्याने पुष्कळ माणसं आजारी पडली. लेकराचं पोट उडत असेल, धाप लागली असेल, तर सदरा वर करून एक मिनिट श्वास मोजायला आईला शिकवा.

पोटावर चटके देण्याची रीत मेळघाटात आणि इतरत्रही आहे. ते पाहिलं की तुमचं रक्त खवळेल. तरी त्या आईला रागावू नका. तिने लेकराला वाचवायला जे माहीत होतं ते केलं आहे. भूमका, म्हणजे तिथला मांत्रिक-वैदू, रात्री बाराला हाक मारली तरी येतो, आपण येत नाही. लेकराला आधी दवाखान्यात न्या, चटक्यांचं नंतर बोला.

कोलाम पोडावर, बंजारा तांड्यावर, कोरकू ढाण्यात आपली मराठी निम्मीच पोहोचते. तिथल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या आणि तिने सांगितलेलं पुन्हा मराठीत म्हणून घ्या, म्हणजे मधे काय गळलं ते कळतं. वऱ्हाडी येत असेल तर वऱ्हाडीत बोला. "आहारात लोहयुक्त पदार्थांचा समावेश करावा" या वाक्याने एकाही घरात अंबाडीची भाजी शिजलेली नाही. आशाताईला तुमच्या कामाला जुंपू नका, आणि तिच्याकडून आयतं घेऊही नका. ती त्याच गावची सून आहे. कोणत्या घरी कोणाशी बोलायचं, कुठे सासूला आधी नमस्कार करायचा, हे तिला माहीत आहे. तिने जोडलेलं माणूस तुमच्या फोटोसाठी वापरलं गेलं तर पुढे तिला कोणी दार उघडणार नाही.

औषध द्यायचा अधिकार नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. रक्तदाब जास्त निघालेल्या आजीला गोळी देता येत नाही, बरोबर. पण तिला एकदा हात धरून केंद्रात नेता येतं. तिथे चिठ्ठी कुठे काढायची, कोणत्या खोलीत जायचं, गोळ्या संपल्या की पुन्हा कुठल्या वारी यायचं, हे एकदा सोबत केलं की दुसऱ्या महिन्यात आजी एकटी जाते. "दवाखान्यात जा" असं सांगितलेल्या माणसांपैकी किती जण गेले, हे तुमच्या वहीत लिहा. न गेलेल्यांच्या घर क्रमांकापुढे कारण लिहा, त्यांच्याच शब्दांत. बस नाही, मजुरी बुडते, मागच्या वेळी नर्स ओरडली, नवरा नको म्हणाला. सहा महिन्यांनी हीच वही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसमोर ठेवा. "गावात जागृती नाही" या वाक्यापेक्षा त्यांना तिचा जास्त उपयोग होईल. वहीत घर क्रमांक ठेवा, नावं टाकू नका.

शेवटच्या वर्षी परीक्षा जवळ आल्या की भेटी थांबतात, आणि गावाला त्याचं वाईट वाटतं. म्हणून ज्युनियर बॅचच्या मुलीला किंवा मुलाला घेऊन पाचही घरी स्वतः जा. सपरीत बसा, ओळख करून द्या, वही त्यांच्या देखत द्या. नुसती ऑफिसमधून यादी बदलली तर नव्या मुलाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

सुरुवात कुठून, असं विचारलं आहे. येत्या रविवारी बॅनर न घेता संध्याकाळी जा. पाच घरांपैकी फवारणीचा पंप कोणाकडे आहे, आणि रोजाने फवारायला कोण जातं, एवढं विचारून या. रात्री कोण कुठे झोपतं तेही पाहून ठेवा. पुढच्या रविवारी काडी, साबण आणि दारामागे लावायचा कागद घेऊन जा. पोळा येतोच आहे. त्या दिवशी एखाद्या घरून जेवायला बोलावणं येईल, जा, आणि बैलाला ओवाळताना त्यांच्यासोबत उभे राहा.